वाचले व समजले

आमच्या कंपनीत कुठलाही कागद फिरायला निघाला की त्याच्या शेपटीला एक तक्ता लागतो. अनुक्रमांक, नाव, टोकन नंबर, शेरा, सही. शेऱ्याच्या रकान्यात सगळे एकच लिहितात : वाचले व समजले. हा तक्ता मी बनवतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाची रसायनं करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी सव्वीस वर्षं सेफ्टी खात्याचा कारकून आहे. हेल्मेट घाला, टाकीत एकट्याने उतरू नका, सायरन झाला की वडाखाली जमा, असले कागद काढायचे, फिरवायचे, सह्या गोळा करायच्या, फाइलला लावायचे. कागद कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे. साहेबांनाही माहीत आहे. तपासणीला येणाऱ्याला सह्या दिसल्या की त्याचंही समाधान होतं.

एकदा कंटाळा येऊन मी एका सर्क्युलरच्या मधोमध घुसडून दिलं होतं, 'उद्यापासून सर्वांनी गेटपासून खात्यापर्यंत उलटे चालत यावे.' एकशे बारा सह्या आल्या. तिसऱ्या दिवशी मीच घाबरून कागद मागे घेतला.

हे सांगायचं कारण रामकिसन घुगे. हा आमचा बॉयलर अटेंडंट, मूळचा परभणीकडचा, जिंतूरजवळच्या कुठल्याशा गावचा. त्र्याण्णव साली इकडे आला आणि सरावलीत दोन खोल्यांत राहिला तो राहिलाच. बायको सुगंधा, दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. अंगाने काटकुळा, आवाज इतका हळू की बॉयलर हाउसमध्ये त्याचं बोलणं ऐकायला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, परग्रहांचा.

बॉयलरवरचा माणूस आठ तास एका काचेकडे बघत बसतो. काचेत पाणी असतं. ते खुणेच्या वर आहे की खाली, एवढंच बघायचं आणि तासाला वहीत लिहायचं. दुसरं काही करता येत नाही, कारण पाणी उतरलं आणि लक्ष नसलं तर बॉयलरही राहत नाही आणि आपणही. रामकिसन म्हणायचा, "शांतारामभाऊ, मला पहिल्याच वर्षी वाटलं, की दूर कुठंतरी, दुसऱ्या एखाद्या ग्रहावर, असंच कुणीतरी अशाच काचेकडे बघत बसलं असेल. त्याला कोण सोडवायला येत असेल?" त्या माणसाच्या तो गोष्टी लिहू लागला. आधी लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर, मग दोनशे पानी वह्यांत, आणि दोन हजार पंधरा साली त्याने चक्क मासिक काढलं. मासिक म्हणजे तीन महिन्यांनी निघणारी, सोळा पानांची, झेरॉक्स करून बाजूला स्टेपल मारलेली चोपडी. नाव 'वाफ'. खाली 'विज्ञानकथांचे हौशी त्रैमासिक'. चाळीस-पंचेचाळीस प्रती. लेखक रामकिसन, संपादक रामकिसन, चित्रंही त्याचीच, आणि ती न काढली असती तर बरं झालं असतं.

नावामुळे लोकांना ते बॉयलर खात्याचं माहितीपत्रक वाटलं. कोणी म्हणालं, कँटीनची डाळ पातळ असते ते छापा.

पहिला अंक निघाला तेव्हा तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, वाचणाऱ्यांनी काहीतरी लिहावं असं वाटतं, चांगलं-वाईट काहीही, शेवटी एखादा कागद जोडावा का? मी कामात होतो. नेहमीच्या फाइलमधला तक्ता काढला, वर 'अभिप्राय' असं टाइप केलं, प्रिंट काढून दिली आणि म्हटलं घे. चूक तिथे झाली, आणि ती माझी.

अंक खात्याखात्यांतून फिरून परत आला. चाळीस नावं, चाळीस टोकन नंबर आणि चाळीस वेळा 'वाचले व समजले'. ज्यांना तेवढंही लिहायचा आळस, त्यांनी दोन टिंबं देऊन 'वरीलप्रमाणे' केलं होतं.

तेव्हा रामकिसन हसला. पुढच्या अंकाला त्याने वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कृपया "वाचले व समजले" असे लिहू नये.' त्याच्याखाली एक्केचाळीस जणांनी वाचले व समजले असं लिहिलं. मग त्याने शेऱ्याचा रकानाच काढून टाकला. लोकांनी सहीच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं. बिचाऱ्यांचा दोष नव्हता. आमच्याकडे कागद हातात आला की हात आपोआप तेच लिहितो, डोकं लागत नाही. पालघरच्या एका वाचनालयाला तो दर अंकाची प्रत पाठवायचा. तिकडून मुखपृष्ठाच्या झेरॉक्सवर 'पोहोचले' असा शिक्का मारून पोच यायची, आणि एकदा तर अंकच परत आला, शिक्क्यासकट.

नऊ वर्षं. पस्तीस अंक. रामकिसनने ते सगळे तक्ते एका फाइलला लावून ठेवले होते. कधीतरी जेवणाच्या सुट्टीत उघडून बघायचा. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "अक्षरं बघतो. कुणाचं अक्षर बदललं का ते." थकला होता. डोळ्यांनी, गुडघ्यांनी आणि या फाइलनेही. मे अखेर त्याला अठ्ठावन्न पूर्ण होत होती. एप्रिलच्या सुरुवातीला पस्तिसावा अंक देताना तो माझ्या टेबलाशी बसला आणि त्या हळू आवाजात म्हणाला, "एक माणूस, शांतारामभाऊ. शिव्या दिल्या तरी चालतील. कंपनीतून जायच्या आधी एका माणसानं गोष्ट खरोखर वाचली असं कळलं, तर छत्तिसावा काढतो. नाहीतर निरोपाच्या दिवशी स्टेपलर तुमच्याकडं जमा."

मी म्हटलं, वाचतात रे, लिहिता येत नाही लोकांना. आणि तक्त्यावर एक नंबरला सही करून अंक पुढे पाठवून दिला. शेरा काय लिहिला असेन ते सांगायला नको.

सहा आठवड्यांनी, दुपारी जेवण करून मी खुर्चीत मान टाकून बसलो होतो, तेव्हा रामकिसन आला. हातात अंक. चेहरा वेगळाच होता.

"शांतारामभाऊ, शेवट कसा वाटला गोष्टीचा?"

"झकास," मी म्हटलं. "एकदम जमलाय."

"इंदूचं बरोबर झालं का?"

इंदू कोण ते मला माहीत नव्हतं. "अरे, तिचं तर सगळ्यात छान झालं."

त्याने अंक माझ्यासमोर ठेवून पान अकरा उघडलं आणि उलटलं. मागच्या बाजूला पुन्हा पान अकरा होतं. त्यानंतर तेरा. झेरॉक्सवाल्याने अकरा नंबर दोनदा छापला होता, आणि बारा नंबर पानच नव्हतं. एकाही प्रतीत नव्हतं.

मी तिथे बसून ती गोष्ट वाचली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. एका लांबच्या ग्रहावर चाळीस माणसांची वस्ती आहे. तिथली हवा एका यंत्रातून येते आणि इंदू नावाची बाई त्या यंत्राच्या काचेवर लक्ष ठेवते. वस्ती बंद करायचं ठरतं, सगळ्यांना परत न्यायला यान येतं. पण यान सुटेपर्यंत यंत्र चालू ठेवायला कोणीतरी लागणार. अकरावं पान संपतं ते असं : 'यानाचे दार अर्धे लागले. इंदूने काचेकडे पाहिले, मग दाराकडे. मग ती' आणि पुढे पुन्हा तेच पान. तेराव्या पानावर पहिलंच वाक्य होतं, 'पृथ्वीवर उतरल्यावर एकोणचाळीस जणांनी हजेरीपटावर सह्या केल्या.'

माझे कान तापले. लाज वाटली हे सरळच सांगतो. त्रेचाळीस जणांनी अर्धी गोष्ट वाचले व समजले म्हणून परत केली होती आणि यादीत पहिलं नाव माझं होतं. मी म्हटलं, "रामकिसन, तुला कधी कळलं?"

"आज. मी तरी कुठं उघडून बघितला? झेरॉक्स आणले, स्टेपल मारले, वाटले. माझंच मी वाचलं नाही, तुम्हाला काय बोलू?" मग त्याने तक्ता पुढे केला. "हे बघा."

तक्ता संपून खाली जी कोरी जागा राहते, तिथे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर मोठं, गोल, प्रत्येक काना जपून ओढलेला. 'वाचले. समजले नाही. इंदू बाई कुठे गेली.' नाव नाही, टोकन नंबर नाही.

त्या एका ओळीवर रामकिसनचा अंगठा होता. "हा कोण असेल, शांतारामभाऊ?"

टोकन नंबर नाही म्हणजे कंपनीचा माणूस नाही, ठेक्यावरचा. ठेक्याच्या लोकांना माझा तक्ता नसतो. त्यांचं प्रशिक्षण नावाचा एक प्रकार वर्षातून एकदा मीच घेतो. अर्धा तास बोलतो, मग रजिस्टरवर सह्या, बहुतेक अंगठेच. ते रजिस्टर काढलं. रामकिसन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. अंगठा, अंगठा, वेडीवाकडी सही, अंगठा, आणि मग तेच गोल अक्षर, पूर्ण नाव : बुधी काकड्या गहला. सफाईच्या बायकांपैकी. मला चेहरा आठवेना. सव्वादोन वर्षं माझ्या खोलीची फरशी तिनेच पुसली असणार.

पण एक मेपासून सफाईचा ठेकेदार बदलला होता आणि जुन्या बायका गेल्या होत्या. रामकिसनच्या हातात सोळा दिवस उरले होते. त्याने कँटीनमध्ये विचारलं, गेटवर विचारलं, सरावली नाक्यावर सकाळी कामाला उभ्या राहणाऱ्या बायकांना विचारलं. इतकी वर्षं जो माणूस कोणाशी मोठ्याने बोलला नव्हता, तो रस्त्यावर बायकांना हाका मारून बुधी गहला माहीत आहे का विचारत होता. त्यांच्यातल्या भागी नावाच्या एकीने सांगितलं, ती आता पालघरला असते, एका सरकारी कार्यालयात झाडूपोछा करते.

आमची सुट्टी शुक्रवारी असते. मी घरून, शिरगावहून, मोटारसायकलने पालघरला आलो, तो बोईसरहून गाडीने. उन्हाने जीव नकोसा झाला होता. रामकिसनने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एकच कागद होता, पान बारा. जेवणाच्या सुट्टीत इमारतीच्या मागच्या सावलीत चार-पाच बायका डबे सोडून बसल्या होत्या. मी नाव घेतलं तशी एक उठली. चाळिशीची, बारीक, हातात अजून भाकरीचा तुकडा.

"सेफ्टीचे साहेब," ती म्हणाली. तिने मला ओळखलं. मी तिला ओळखलं नव्हतं.

रामकिसनने फोल्डर उघडला. मी म्हटलं, बाई, कंपनीत तुम्ही एक गोष्ट वाचली होती, खाली लिहिलं होतं, त्या गोष्टीचे लेखक हे.

ती घाबरली. "मी काय वाईट नाय लिवला साहेब. बायकांच्या खोलीत पडला होता तो कागद. आश्रमशाळेत सातवीपर्यंत होती मी, म्हणून वाचला. तीन दिस लागले. सगळ्यांनी समजला लिवलाय, मलाच नाय समजला, म्हणून लिवला."

"तुम्हाला समजलं नाही, कारण गोष्टीत पानच नव्हतं," रामकिसन म्हणाला. "माझी चूक. हे घ्या."

तिने हात पदराला पुसले, कागद घेतला आणि पायरीवर बसली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागली. रामकिसन उभाच होता. तिच्या बोटाकडे बघत होता, काचेतल्या पाण्याकडे बघायचा तसा. सात-आठ मिनिटं गेली असतील. बाकीच्या बायका जेवायच्या थांबल्या होत्या. बोट शेवटच्या ओळीवर आलं, थांबलं, पुन्हा मधल्या एका ओळीवर गेलं आणि परत खाली आलं.

"सही कुठं करू?"

"सही नको, बाई," रामकिसन म्हणाला. "सही नका करू. बोला."

पण तिने पेन मागितलं. मी दिलं. कागदाच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर तिने सावकाश लिहिलं आणि रामकिसनच्या हातात दिलं. 'वाचले. समजले. पटले नाही. बुधी.'

रामकिसन खाली बसला. पायरीवर, तिच्यापासून दोन हात अंतरावर, इस्त्रीच्या शर्टासकट. डोळे भरले होते, ते त्याने पुसलेही नाहीत. "का नाही पटलं?"

"तुमी लिवलाय, इंदू आपणहून थांबली. दार लागत होता, तरी हसली आणि थांबली." तिने कागदावर बोट ठेवून ती ओळ दाखवली. "आपणहून कोण थांबतं भाऊ? आमाला सांगतात, म्हणून आमी थांबतो. त्या दिशी सायरन झाला, खोटाखोटा असतो तो, सगळे वडाखाली पळाले. मी आणि देवूची आय, आमी दोघीपन निघालो. तर सांगितला, तुमी थांबा, फरशी ओली हाय, तपासनीवाले येतील, पुसून घ्या. आमी पुसत होतो. बाहेर सगळ्यांनी सह्या केल्या." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, वेळ विचारावी तशा आवाजात ती म्हणाली, "तुमीच सांगितला ना साहेब."

मी सांगितलं होतं. आठवलं. मागच्या नोव्हेंबरातली मॉक ड्रिल. वडाखाली मी यादी मोजली, टोकन नंबर सगळे जुळले, आणि खाली लिहिलं, 'सर्व कर्मचारी सुरक्षितपणे बाहेर पडले.' त्या दोघींचे टोकन नंबर नसल्यामुळे यादी जुळली होती. सायरन खरा असता तरीही ती जुळलीच असती. बुधीबाईच्या आवाजात राग नव्हता.

"मग गोष्ट कशी हवी होती?" रामकिसनने विचारलं.

"ती थांबली तर थांबू दे. पन तिला कोन बोलला थांब, त्याचा नाव लिवा."

ते दोघं सुट्टी संपेपर्यंत बोलत होते. जिंतूरच्या माणसाचं आणि गहल्यांच्या बाईचं एकमेकांना किती कळत होतं कोण जाणे, पण इंदू, यंत्र, काच, दार, असे शब्द मला ऐकू येत होते. मी जरा लांब, मोटारसायकलपाशी उभा राहिलो.

एकतीस मेला रामकिसनचा निरोप झाला. शाल, नारळ, भाषणं. त्याने स्टेपलर जमा केला नाही.

ऑगस्टच्या शेवटी 'वाफ'चा छत्तिसावा अंक टपालाने घरी आला. सोळाही पानं जागेवर होती, मी मोजली. शेवटी तक्ता नव्हता. इंदूची गोष्ट त्याने पुन्हा छापली होती, नवीन बाराव्या पानासह. इंदू आताही मागे राहते. पण ती हसत नाही. ती दाराकडे धावते, आणि दारात हातात यादी घेतलेला एक माणूस तिला म्हणतो, तुझं नाव यात नाही, तू थांब, यंत्र बघ. त्या माणसाला नाव दिलेलं नाही, रामकिसनचा स्वभाव भिडस्त. फक्त हुद्दा दिला आहे. वस्तीच्या सुरक्षा खात्याचा कारकून.

तिने नाव लिहायला सांगितलं होतं, आणि त्याने माझ्यासाठी ते गाळलं. मी तो अंक दोनदा वाचला. मग एक पोस्टकार्ड घेतलं, सरावलीचा पत्ता घातला, आणि 'वाचले' लिहिलं. समजलंही होतं, तेही लिहिलं. तिसऱ्या शब्दाला मात्र पेन थांबलं. मग लिहिलं, 'पटले. पुढच्या छपाईत माझे नाव घालावे. शांताराम पाटील, शिरगाव.' टोकन नंबर सवयीने लिहिला होता, तो खोडला.